सक्तीची रजा आणि अण्णांची सायकल

(शाळेच्या सभागृहात झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवेदकांनी माझी ओळख ‘आपल्या बॅचमधले यशस्वी बँक अधिकारी’ अशी करून दिली. बँकेतला माणूस यशस्वी की अयशस्वी, हे तो सुखरूप निवृत्त झाल्यावरच कळतं. मला अजून साडेतीन वर्षं आहेत. तेव्हा ते ‘यशस्वी’ तूर्त उचंत खात्यात ठेवू, खातं कुठलं ते नंतर ठरवू.

समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘साठीकडे जाताना आरोग्य’. कारण एवढंच की, गेले दहा महिने मी आपल्या ग्रुपवर सायकलीचे फोटो टाकतो. आता इथे तीन डॉक्टर बसलेले असताना मी आरोग्यावर बोलणं म्हणजे आचाऱ्यासमोर खिचडी कशी करावी हे सांगणं. म्हणून मी सायकलीबद्दल बोलेन. आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगेन, जी मी १९८२ साली याच शाळेत सांगायला हवी होती.

सुरुवात रजेपासून करतो. रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे. बँकेत जे कर्मचारी नाजूक, जोखमीच्या जागांवर काम करतात, त्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीनं रजेवर पाठवायचं. तेही आधी न सांगता. त्यामागचा विचार सरळ आहे. तुमच्या टेबलावर दुसरा माणूस बसला, तुम्हाला फाइलला हात लावता आला नाही, की तुम्ही काही दडवलं असेल तर ते आपोआप वर येतं. यंदा जानेवारीअखेर एका संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “उद्यापासून तुम्ही घरी.” सुट्ट्या धरून चौदा दिवस.

तुम्हाला सांगतो, तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी चौदा दिवस रिकामा कधी बसलो नव्हतो. मुलं परदेशी, बायकोच्या शाळेत सहामाहीनंतरची गडबड. मी बॅग भरली आणि वाईला आलो. आई एक्क्याऐंशीची आहे. मी न कळवता, मधल्या वारी, पंधरा दिवसांचे कपडे घेऊन दारात उभा. तिनं वहिनीला पाणी आणायला सांगितलं आणि हळूच मला विचारलं, “बाळ, खरं सांग. काढून तर नाही ना टाकलं?” मी नियम समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. पण शेजारी सांगू नकोस, त्यांना नाही पटायचं.”

पहिले दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. दर दहा मिनिटांनी मोबाइल बघायचा, आणि बँकेचा मेल तर बंद केलेला. तिसऱ्या दिवशी दादा वैतागून म्हणाला, “अरे, पडवीतली अडगळ तरी आवर.” त्या अडगळीत, ज्वारीच्या पोत्यांमागं, अण्णांची सायकल होती.

तुमच्यापैकी पुष्कळांना ती आठवत असेल. काळी, बावीस इंची, अ‍ॅटलासची. दांड्यांचे ब्रेक, मागं लोखंडी कॅरिअर, पुढच्या चाकाला घासणारा डायनामो. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या सायकली आपल्या लहानपणी गावोगाव होत्या. तिचा साहिबाबादचा शेवटचा मोठा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. ३ जून हा जागतिक सायकल दिन आहे, हा योगायोग वाचून त्या दिवशी मला उगीचच अण्णांची आठवण झाली होती. अण्णा दर रविवारी ती सायकल उलटी करून ठेवायचे, रॉकेलच्या फडक्यानं चेन पुसायचे, नंतर तेलाचे थेंब मोजून सोडायचे. आम्हा भावांना एकच ताकीद असे, “माझ्या सायकलला हात लावायचा नाही.” अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. दादानं दोनदा भंगारवाला बोलावला होता. दोन्ही वेळा आई दारात आडवी उभी राहिली.

मी सायकल बाहेर काढली. दोन्ही टायर चुरा झालेले, सीटचं कातडं फाटलेलं, चेन गंजून काठीसारखी ताठ. ढकलत स्टँडाजवळच्या सायकलवाल्या चाचांकडे नेली. चाचा आता सत्तरीचे आहेत. आपण त्यांच्या वडिलांकडून पन्नास पैसे तासानं सायकल घ्यायचो, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो, आणि तास संपायला पाच मिनिटं उरली की जिवाच्या आकांतानं दुकान गाठायचो. चाचांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, रिम बोटानं वाजवून पाहिली आणि म्हणाले, “लोखंड अस्सल आहे. रबर तेवढं मेलंय.” दोन टायर, दोन ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, सीट, दोन्ही चाकांचे छर्रे आणि ग्रीस. मागच्या रिमचा आऊट काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल तयार.

मी टांग मारली. लोक म्हणतात, सायकल एकदा आली की विसरत नाही. हे खरं आहे. शिकलेल्या अशा हालचाली मेंदू वेगळ्या कप्प्यात ठेवतो; म्हणून मित्राचा फोन नंबर विसरतो, पण पोहणं विसरत नाही. मी बत्तीस वर्षांनी सीटवर बसलो आणि दहा फुटांत तोल आला. हँडल आपोआप वळलं, पाय आपोआप फिरले. वाटलं, आपण नववीतलेच आहोत. गणपती घाटापर्यंत अगदी ऐटीत गेलो. ढोल्या गणपतीला नमस्कार केला आणि परत फिरलो. नदीकडून आमच्या घराकडे येताना चढ आहे, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. निम्म्यात छाती भात्यासारखी हलायला लागली. खाली उतरलो आणि सायकल हातात धरून घरी आलो. आई ओट्यावर होती. म्हणाली, “पंक्चर झाली का?” मी म्हटलं, “सायकल नाही, मी.”

त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की ती म्हण अर्धीच खरी आहे. तोल विसरत नाही. दम विसरतो. तोल एकदा कमावला की जन्मभर आपला. दम मात्र रोजच्या रोज भरावा लागतो.

आता समितीनं दिलेल्या विषयाला न्याय म्हणून चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो, म्हणजे चहाचे पैसे वसूल. पहिली, वीस-तीस वर्षांनी सायकलवर बसणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी पहिल्या चढानंतर विचारलं, ते चुकलं. मला साखर आहे, रक्तदाबाची गोळी आहे. डॉक्टर म्हणाले, चालवा. पण सपाटीवर, बोलता येईल एवढ्याच वेगानं, आणि छातीत किंवा डाव्या हातात काही वाटलं तर तिथंच थांबा. दुसरी गोष्ट सीटची. तिसऱ्या दिवशी माझे गुडघे भरून आले. मी ठरवलं, वय झालं. चाचांनी एका नजरेत ओळखलं, वय नाही, सीट खाली आहे. त्यांची रीत सोपी आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची. पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा किंचित वाकतो, तो बरोबर. दोन इंच सीट वर केली आणि आठवड्यात गुडघे गप्प झाले. तिसरी, हवा. टायरात हवा कमी असली की सपाट रस्तासुद्धा चढ वाटतो. चौथी, डोक्यावर हेल्मेट आणि मागं लाल दिवा. लाजू नका. आपल्या वेळी रस्त्यावर बैलगाड्या होत्या, आता उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन येतात.

झालं आरोग्य. आता दुसरी गोष्ट.

मी रोज सकाळी मेणवलीच्या रस्त्यानं जायला लागलो. तो रस्ता का निवडला, तर सपाट आहे म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. पहिल्या दिवशी मेणवली, तीन किलोमीटर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर बसलो. वसईच्या मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा बघितली आणि परत. दुसऱ्या दिवशी तेवढंच. मग भोगावपर्यंत. थंडी होती, शेतांतून हळदीची काढणी सुरू झाली होती, ओल्या मातीचा आणि हळदीच्या पाल्याचा वास रस्ताभर. या रस्त्यानं मी पाहुण्यांना घेऊन गाडीतून वीसेक वेळा तरी गेलो असेन. घाट दाखवायचा, घंटा दाखवायची, ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथं झालं म्हणून सांगायचं आणि काच वर करायची. गाडीत बसलं की रस्त्यावरचं माणूस येतं आणि जातं. सायकलवर तसं होत नाही. समोरून येणारा माणूस बराच वेळ येत राहतो. त्याचा चेहरा दिसतो, त्याला आपला दिसतो. ‘राम राम’ म्हणावंच लागतं.

भोगावच्या पुढं मात्र मी जाईना. चार दिवस तिथूनच परत फिरलो. दम होता, रस्ता चांगला होता. पण पुढं धोम आहे, आणि धोमला तो राहतो.

त्याचं नाव मी घेणार नाही. त्यानंच बजावलंय, “माझं नाव घेऊ नगंस, लोक मलाच इच्यारत बसत्याल.” बाकी सगळं त्याच्या परवानगीनं सांगतोय. आठवीत तो आपल्या वर्गात होता. खिडकीकडची रांग, शेवटून दुसरा बाक. धोमहून रोज सायकलनं यायचा, जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. त्याचे वडील मुंबईत गिरणीत होते आणि गिरणीच्या दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी ती सायकल घेऊन दिली होती. हिरव्या रंगाची. हँडलला प्लास्टिकच्या झिरमिळ्या. मधल्या सुट्टीत त्यानं मला त्याच सायकलवर शिकवलं. मागून कॅरिअर धरून तो पळायचा आणि ओरडायचा, “खाली बघू नगं, म्होरं बघ!” अण्णा सायकलीला हात लावू देत नव्हते, मला सायकल आली ती या मित्रामुळं.

नववीत, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, एका शनिवारी तो कबड्डीच्या सरावाला थांबला होता. मी त्याला म्हटलं, “जरा एक चक्कर मारून आणतो.” त्यानं चावी दिली. मी पसरणी घाटाच्या पायथ्याशी गेलो, सायकल ढकलत दोन वळणं वर चढवली आणि उतारावरून सोडून दिली. पावसानं वाळू रस्त्यावर आली होती. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला, चाक घसरलं आणि मी मोरीच्या कठड्यावर. मला गुडघ्यावर खरचटलं, तेवढंच. पुढची रिम मात्र वाकून आठाच्या आकड्यासारखी झाली.

मी सायकल खांद्यावर घेऊन, ओढत, शाळेच्या सायकल स्टँडात आणून भिंतीला लावली, चावी कुलपात तशीच ठेवली आणि मागच्या फाटकानं घरी पळालो. सोमवारी त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, “मी तर नीट आणून ठेवली होती. दहावीच्या पोरांनी केलं असेल.” तो काही बोलला नाही. मग वर्गशिक्षक सरांनी वर्गात विचारलं, “ज्यानं हे केलं त्यानं उभं राहावं. मी मारणार नाही.” सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला आठवतंय की नाही मला ठाऊक नाही. तुम्ही तीन वेळा विचारलंत. मी बाकाच्या कडेला नखानं रेघा ओढत बसून राहिलो. आज उभा आहे. बेचाळीस वर्षं उशीर झाला, पण उभा आहे. ते मी केलं होतं.

त्यानंतर तो चालत यायला लागला. सोळा किलोमीटर. पहिल्या तासाला उशीर व्हायचा, दारात उभा राहायचा, तेव्हा त्याच्या पायजम्याच्या कडांना चिखल असायचा. रिम बदलायला फार पैसे लागत होते असं नाही. पण आपल्या वयाच्या मुलाला ते कुठून मिळणार, आणि त्याच्या घरी तर त्या वर्षी पैसाच नव्हता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तो आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. आणि मी मनाशी हिशेब मांडला, तो आजवर मांडत आलो, की माझ्यामुळं एका मुलाची शाळा सुटली.

बँकेनं मला घरी पाठवलं ते टेबलावर काही दडवलंय का बघायला. टेबलावर काही निघालं नाही. दडवलेलं होतं ते या रस्त्यावर, भोगावच्या पुढं.

रजेच्या अकराव्या दिवशी मी भोगावला थांबलो नाही. धोमला पोचलो, नरसिंहाच्या देवळापाशी सायकल लावली, कासवाच्या पाठीवरचा तो नंदी बघत दहा मिनिटं काढली. मग एकाला घर विचारलं. तो अंगणात बसून हळदीच्या गड्ड्याची माती झटकत होता. केस पांढरे, अंग तसंच काटक. माझ्याकडं न बघता त्यानं सायकलीकडं बघितलं आणि म्हणाला, “ही आण्णांची न्हवं?”

मी म्हटलं, “मला ओळखलंस?”

“सायकल वळखली. म्हंजी तू आसशील.”

चहा आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेती, पोरं, धरणाचं पाणी, माझी साखर. त्याचा एक मुलगा शिरवळला कारखान्यात आहे, सून अंगणवाडीत. मग मी सांगितलं. बोलायला सुरुवात केली तेव्हा माझी छाती त्या पहिल्या चढासारखीच हलत होती. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, “मला ठावं हुतं.”

“कधीपासून?”

“त्याच दिशी. तुझ्या गुडघ्याला लागल्यालं दिसत हुतं की.”

मी विचारलं, “मग सरांना का नाही सांगितलंस?”

तो हसला. “तू सांगशील म्हनून वाट बघितली. एक-दोन आठवडं बघितली. मग सोडून दिलं.”

मित्रांनो, कोणी मला दोन मुस्कटात दिल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

मग त्यानं मला शाळा का सुटली ते सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आपल्यातल्या अनेकांच्या घरचे लोक गिरणगावात होते, त्यांना सांगायला नको. महिन्याची मनीऑर्डर थांबली. त्याचे वडील आधी आशेवर मुंबईतच राहिले, मग पावसाळ्यात गावी परत आले, ते खचूनच आले. संप मिटेल, मिटेल म्हणता मिटला नाही. गिरण्यांमधली हजारो माणसं पुन्हा कामावर गेलीच नाहीत, त्यांत ते एक. घरात पाच माणसं, दीड एकर कोरडवाहू. दिवाळीनंतर तो दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जायला लागला. “सायकल मोडली नसती तरी शाळा सुटनारच हुती,” तो म्हणाला. मला हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात पुढं म्हणाला, “पर मार्चपातुर आलो असतो. नववी तरी पुरी झाली असती.”

एवढाच माझा वाटा. पूर्ण शाळा नाही, चार महिने. बेचाळीस वर्षं मी जो बोजा वाहत होतो, त्यातला पुष्कळसा माझा नव्हता; आणि जो माझा होता, तो त्यानं नेमका मोजून माझ्या हातात दिला. बँकेतल्या माणसाला असा चोख हिशेब क्वचित बघायला मिळतो.

मी म्हटलं, “आता काय करू सांग.” म्हणाला, “काय करतूस? ऊठ, बस मागं.” त्यानं अण्णांची सायकल घेतली, मला कॅरिअरवर बसवलं आणि देवळापर्यंत डबलसीट नेलं. पंचावन्न-छप्पन्नचे दोन म्हातारे, गावातली पोरं मागून पळतायत. कॅरिअरवर बसलेल्याला रस्ता दिसत नाही, चालवणाऱ्याची पाठ दिसते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी किलोमीटर मोजून दमतो, आणि हा रोज सोळा किलोमीटर सायकल मारायचा, मग रोज सोळा किलोमीटर चालायचा, आणि आम्ही वर्गात त्याला ‘उशीरवाला’ म्हणायचो.

रजा संपली. पुण्यात मी एक जुनी सायकल घेतली. खरं सांगतो, रोज चालवत नाही. पावसाळ्यात दोन महिने ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडली. पण आठवड्यातून तीन-चार सकाळी जातो. डॉक्टरांनी एकही गोळी कमी केलेली नाही. वाढवलीही नाही, त्यावर मी खूश आहे. महिन्यातून एकदा वाईला येतो, अण्णांच्या सायकलवर धोमला जातो. आता नदीकडचा तो चढ न उतरता चढतो. आई ओट्यावरून बघते आणि काही म्हणत नाही. हेच माझं प्रमाणपत्र.

शेवटचा मुद्दा, तो या स्मरणिकेसाठी. मी त्याला आजच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. तो म्हणाला, “धाव्वी न झाल्येल्या मानसानं धाव्वीच्या म्येळाव्यात काय करायचं?” मी समितीला यादी कशी केली ते विचारलं. समितीनं प्रामाणिकपणे सांगितलं, १९८४ च्या दहावीच्या निकालपत्रकावरून. समितीची चूक नाही, मीही तशीच केली असती. पण मग मी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं कार्यालयात बसून आपल्या आठवीचा हजेरीपट काढला. आठवीत आपण चौपन्न होतो. दहावीत त्रेचाळीस. अकरा नावं मधेच थांबली आहेत. दोघांची वडिलांच्या बदलीमुळं शाळा बदलली. एक मित्र आता हयात नाही. उरले आठ. त्या आठांत पाच मुली आहेत. त्यांची नावं वाचताना मला त्यांचे चेहरे आठवले, रिबिनी आठवल्या. त्या कधी यायच्या बंद झाल्या, ते मात्र आठवलं नाही. आपण कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

आज सकाळी फाटकातून आत आलो तेव्हा आपण एकमेकांना क्षणात ओळखलं. टक्कल पडलेली डोकी, जाड चष्मे, तरी चुकलं नाही. हा आपला तोल आहे, तो शाळेनं दिलाय, तो जात नाही. पण संध्याकाळी जेवणं उरकली, फोटो निघाले, की पुढं जे करायचं त्याला दम लागतो. माझी समितीला विनंती आहे, स्मरणिकेतली यादी आठवीच्या हजेरीपटावरून करा. चौपन्नच्या चौपन्न नावं छापा. आठांपैकी एकाचा पत्ता माझ्याकडे आहे. बाकी सातांचे शोधायचे आहेत, आणि ते एका माणसाचं काम नाही.

उद्या रविवार आहे. सकाळी साडेसहाला मी शाळेच्या फाटकापाशी सायकल घेऊन उभा असेन. धोमला जायचंय, यादी दाखवायला. रस्ता सपाट आहे. ज्यांच्याकडे सायकल नाही, त्यांना चाचांकडे मिळेल. मी त्यांना सांगून ठेवलंय, ते दुकान लवकर उघडणार आहेत. सीट नीट वर करून घ्या. आणि ज्यांना दम पुरणार नाही, त्यांनी संकोच करू नये. अण्णांच्या सायकलीचं कॅरिअर मजबूत आहे.